पटकीची लस आणि हाफकिन यांची परीक्षा

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या उपनगरांत पाणी उकळून पिण्याच्या सूचना निघू लागतात. अंधेरी, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या भागांतल्या दवाखान्यांत जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात आणि त्यांत अधूनमधून पटकीचाही रुग्ण निघतो. वेळेवर उपचार मिळाले तर हा रुग्ण आज सहसा दगावत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र पटकी झालेल्यांपैकी जवळपास निम्मी माणसे जात. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत संपलेला असे. त्या काळच्या भीतीची एक खूण उपनगरात अजून शिल्लक आहे. कुर्ल्याहून अंधेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जरीमरी नावाची वस्ती आहे. जरीमरी म्हणजे साथीच्या रोगांची देवता. गावात साथ शिरली की तिला साकडे घालायचे, नैवेद्य दाखवायचा आणि रोग वेशीबाहेर जाण्याची वाट पाहायची, एवढेच माणसाच्या हाती होते.

त्या भीतीची दुसरी खूण परळला आहे. तेथील प्रसिद्ध संशोधन संस्थेवर एका परदेशी माणसाचे नाव आहे, हाफकिन. हे नाव मुंबईकरांना शंभर वर्षे परिचित असले, तरी नावामागचा माणूस फारसा परिचित नाही. प्लेगची लस शोधणारा शास्त्रज्ञ एवढीच त्यांची ओळख सांगितली जाते. वास्तविक वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन भारतात आले ते प्लेगसाठी नव्हे, पटकीसाठी. पटकीची लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली, मग ती घेऊन ते हजारो मैल दूर आले आणि अनोळखी लोकांचा विश्वास त्यांनी एकेका वस्तीत जाऊन मिळवला. पुढे एका बाटलीमुळे हा सारा विश्वास पणाला लागला आणि न केलेल्या चुकीची शिक्षा त्यांना अनेक वर्षे भोगावी लागली.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा त्या वेळी रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. शालेय शिक्षण बर्डियान्स्क येथे संपवून ते १८७९ मध्ये ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हा सिद्धांत मांडून पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच मेचनिकॉव्ह.

तो काळ झारशाहीच्या दडपशाहीचा होता. ज्यूंच्या वस्त्यांवर जमाव चालून जात. १८८१ च्या दंगलीत तरुण हाफकिन स्वसंरक्षण दलात उतरले, जखमी झाले आणि पकडलेही गेले. मेचनिकॉव्ह यांनी रदबदली केल्याने त्यांची सुटका झाली. विद्यार्थी चळवळीशी असलेल्या संबंधांमुळेही त्यांच्यावर पोलिसांची नजर होती. पदवी मिळाल्यावर ते ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम करू लागले. एकपेशीय जीवांवरचे त्यांचे निबंध वाखाणले गेले, पण प्राध्यापकाची जागा हवी असेल तर ज्यू धर्म सोडून रशियन ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारावा लागेल, अशी अट आडवी आली. हाफकिन यांनी धर्म सोडला नाही, पुढे देश सोडला.

१८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचले. मेचनिकॉव्ह तेथे आधीच आलेले होते. प्रयोगशाळेत जागा रिकामी नव्हती म्हणून या पदवीधर संशोधकाने ग्रंथालयात सहायकाची नोकरी पत्करली. दिवसा पुस्तके सांभाळायची, उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकापाशी बसायचे आणि फुरसत मिळाली तर व्हायोलिन वाजवायचे, असा त्यांचा क्रम होता.

स्वतःवर पहिला प्रयोग

पटकीचे मूळ तोवर बरेचसे उलगडले होते. लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाचे पाणी पिणारेच पटकीने मरत आहेत, हे जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवून दिले होते. त्याच वर्षी इटलीत फिलिप्पो पाचिनी यांना रुग्णांच्या आतड्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दिसला होता, मात्र त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १८८४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात येऊन रुग्णांच्या आतड्यात आणि तळ्याच्या पाण्यात हा जंतू शोधून दाखवला. रोगजंतू सापडला, पण त्याला रोखणारी लस हाती नव्हती. स्पेनमध्ये जॉमे फेरान यांनी १८८५ मध्ये हजारो लोकांना लस टोचली होती. तथापि तिची पद्धत आणि निष्कर्ष दोन्ही वादात सापडले आणि पटकीवर लस असू शकते ही कल्पनाच थट्टेचा विषय झाली.

हाफकिन यांनी हे काम नव्याने हाती घेतले. पटकीचे जंतू एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे एकोणचाळीस वेळा नेऊन त्यांनी त्यांची मारकशक्ती वाढवली आणि ती एका पातळीवर स्थिर केली. दुसरीकडे जंतू ३९ अंश सेल्सिअस तापमानात हवेच्या झोतात वाढवून त्यांना क्षीण केले. आधी क्षीण जंतूंची मात्रा द्यायची आणि काही दिवसांनी तीव्र जंतूंची, अशी ही दुहेरी टोचणी होती. पहिल्या मात्रेने शरीर सावध होई, दुसरीने ते पक्के तयार होई.

प्राण्यांवर लस यशस्वी झाली. आता माणसावर प्रयोग करायचा होता. १८ जुलै १८९२ रोजी बत्तीस वर्षांच्या हाफकिन यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेल्या जागी दुखले, काही दिवसांत दोन्ही ओसरले. सहा दिवसांनी त्यांनी दुसरी मात्राही घेतली. त्यानंतर काही मित्र पुढे आले. महिनाअखेरीस हाफकिन यांनी पॅरिसच्या जीवशास्त्र परिषदेपुढे आपले निष्कर्ष मांडले.

युरोपातील ज्येष्ठांनी मात्र फारसा उत्साह दाखवला नाही. सुरक्षित आहे म्हणजे गुणकारी आहे असे होत नाही, ही त्यांची शंका रास्तच होती. लस खरोखर रोग रोखते की नाही, हे जेथे दरवर्षी पटकी असते तेथेच कळणार होते. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांनी भारताचा मार्ग सुचवला आणि सरकारकडे शब्द टाकला. मार्च १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्याला उतरले.

वस्तीतला पुरावा

भारतात पटकी नवी नव्हती. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात तिला मोडशी म्हणत. १८१७ मध्ये बंगालमध्ये उसळलेली साथ पुढच्याच वर्षी मुंबईला पोहोचली आणि तेव्हापासून शहराची पाठ तिने सोडली नाही. लष्कराच्या छावण्या, तुरुंग, चहाचे मळे आणि यात्रा ही तिची ठरलेली ठिकाणे होती. पंढरीच्या वाटेवर पटकी आणि परतीच्या वाटेवर मृत्यू हे चित्र महाराष्ट्रालाही परिचित होते.

हाफकिन यांच्यापुढच्या अडचणी दुहेरी होत्या. लोकांना सरकारी सुईची भीती वाटे. परका माणूस अंगात काय घालतो, त्यामागे हेतू काय, अशा शंका वस्तीवस्तीत घेतल्या जात. दुसरीकडे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अनेक अधिकाऱ्यांना हा रशियन ज्यू पाहुणा डोळ्यांत खुपत होता. त्यांच्यापाशी वैद्यकीय पदवी नव्हती, ते प्राणिशास्त्रज्ञ होते. अशा माणसाने डॉक्टरांना धडे द्यावेत हे अनेकांना रुचणारे नव्हते.

हाफकिन यांनी दोन नियम पाळले. कोणावरही सक्ती करायची नाही, हा पहिला. एकाच ठिकाणी, एकच पाणी पिणाऱ्या, एकाच परिस्थितीत राहणाऱ्या लोकांतील टोचलेले आणि न टोचलेले यांची तुलना करायची, हा दुसरा. आज नव्या लशीच्या चाचणीत अशी तुलना गृहीत धरली जाते. १८९० च्या दशकात ती गृहीत नव्हती. आग्र्यापासून सुरुवात करून त्यांनी उत्तर भारतातील छावण्या व शहरे पालथी घातली. आग्र्यातील शास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांची त्यांना मदत झाली. विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी जंतुमुक्त करण्याचा पुरस्कार करणारे ते हेच हँकिन. साथीच्या दिवसांत विहिरीत लाल औषध टाकले जाई, याची आठवण जुन्या पिढीने सांगितलेली असते.

निर्णायक पुरावा कोलकात्याने दिला. शहराचे आरोग्य अधिकारी विल्यम सिम्पसन यांच्या आमंत्रणावरून १८९४ च्या वसंतात हाफकिन तेथे आले आणि बंगाली डॉक्टरांना सोबत घेऊन बस्त्यांत फिरू लागले. कट्टल बागान ही दोनशेच्या आसपास लोकांची बस्ती. मार्चच्या अखेरीस तेथे पटकीने दोघे दगावले. हाफकिन यांच्या पथकाने ११६ जणांना लस टोचली, ८४ जण तसेच राहिले. त्यानंतर बस्तीत आणखी दहा जणांना लागण झाली, त्यांतील सात मरण पावले. हे दहाही जण न टोचलेल्यांपैकी होते. एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्यांत हा फरक पडला होता. आकडे लहान होते, पण सरळ होते.

१८९५ मध्ये आसामातील चहामळ्यांत हजारो मजुरांना लस टोचली गेली. सव्वादोन वर्षांत हाफकिन यांनी सुमारे ४२ हजार लोकांना लस दिली. लशीचे दोषही त्यांनी लपवले नाहीत. टोचणीनंतर संरक्षण मिळायला काही दिवस लागतात, काळ जाईल तसे ते कमी होते आणि टोचूनही ज्याला पटकी झालीच त्याच्या जिवाला असलेला धोका फारसा घटत नाही, हे त्यांनीच नोंदवून ठेवले. अतिश्रम आणि मलेरिया यांनी प्रकृती ढासळल्याने १८९५ च्या अखेरीस त्यांना इंग्लंड गाठावे लागले. पुढच्या वर्षी ते परतले आणि पुन्हा पटकीच्याच कामाला लागले.

मुंबईत बोलावणे

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. शहर हादरले. गिरण्यांतले कामगार गाठोडी उचलून कोकणची आणि घाटावरची वाट धरू लागले. ज्यांना परवडत होते ते साष्टीतील मोकळ्या गावांकडे गेले. आजच्या उपनगरांची गर्दी त्या वेळी नव्हती. अंधेरी, मुलुंड, बोरिवली ही ठाणे जिल्ह्यातली, भातशेती आणि ताडमाडांची गावे होती.

सरकारने ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना मुंबईत बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारातील पेटिट प्रयोगशाळेत एक खोली आणि व्हरांडा त्यांच्या वाट्याला आला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. मांसाच्या रश्शात तुपाचे थेंब सोडून त्यांखाली प्लेगचे जंतू वाढवण्याची युक्ती त्यांनी काढली. तयार झालेले जंतू उष्णतेने मारून त्यांची लस बनवली. हिंदू व मुसलमान दोघांच्याही भावना जपण्यासाठी रश्शाला बोकडाचे मांस वापरले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि ते दुष्परिणामांच्या नोंदी करत राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. न टोचलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला आणि सहा मेले, टोचलेल्यांत दोघांना झाला आणि कोणी मेले नाही.

प्लेगच्या काळात घराघरांत शिरून होणारी तपासणी आणि सक्तीची हलवाहलव यांमुळे लोक संतापले होते. अशा वातावरणात लशीवर विश्वास ठेवायला लोकांना त्यांचीच माणसे पुढे यावी लागली. तरुण आगाखानांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, आपल्या अनुयायांना तसे करायला सांगितले आणि प्रयोगशाळेसाठी माझगावातील आपला खुश्रू लॉज बंगला दिला.

अखेर प्रयोगशाळेला कायमची जागा मिळाली ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये. मुंबईचे गव्हर्नर पूर्वी तेथे राहत. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी लेडी ऑलिव्ह यांचा १८८२ मध्ये याच वाड्यात पटकीने मृत्यू झाला आणि त्यानंतर गव्हर्नरांनी आपला मुक्काम मलबार पॉइंटला हलवला. गव्हर्नरांनी सोडलेल्या या वाड्यात १० ऑगस्ट १८९९ रोजी पटकीची लस शोधणाऱ्या माणसाच्या प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले.

बाटली क्रमांक ५३ एन

विसाव्या शतकाच्या आरंभी हाफकिन कीर्तीच्या शिखरावर होते. १८९७ मध्ये त्यांना सीआयई हा किताब मिळाला होता. परळहून लाखो मात्रा देशभर जात होत्या. पंजाब सरकारने प्लेगविरुद्ध मोठी मोहीम आखली आणि लशीची मागणी एकाएकी अनेक पटींनी वाढली. ती पुरी करण्यासाठी परळला लस बनवण्याची अधिक जलद पद्धत वापरली गेली. तीत पूर्वीप्रमाणे कार्बोलिक आम्ल मिसळले जात नव्हते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावात १०७ जणांना लस टोचण्यात आली. आठवडाभरात त्यांतील एकोणीस जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सगळे मरण पावले. त्या सर्वांना ५३ एन या एकाच बाटलीतली लस दिली होती. त्याच दिवशी वापरलेल्या इतर बाटल्यांतील लस घेतलेल्या कोणालाही काही झाले नाही.

चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. बाटली गावात उघडण्यापूर्वीच दूषित झाली असावी, म्हणजे दोष परळच्या प्रयोगशाळेचा, असा आयोगाचा कल झाला. कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ते लंडनला गेले. दहा वर्षे एका देशासाठी राबलेला हा माणूस त्या देशातील एकोणीस मृत्यूंचा अपराधी ठरवला गेला.

हाफकिन यांनी हार मानली नाही. आयोगापुढील साक्षींतच त्यांच्या निर्दोषत्वाचा पुरावा दडलेला होता. मुल्कोवालमध्ये ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच, केवळ औषधी पाण्यात बुडवून, त्याने बाटलीचे बूच काढले गेले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. बाटली परळलाच दूषित झाली असती तर पंजाबपर्यंतच्या प्रवासात जंतू भरपूर वाढले असते आणि बूच काढताच दुर्गंधी सुटली असती. तशी काहीच नोंद नव्हती. रुग्णांत लक्षणे दिसायला लागलेला वेळही दूषितीकरण नुकतेच झाल्याचे सांगत होता.

हा पुरावा समजायला शास्त्रज्ञांची दृष्टी हवी होती. ती दृष्टी आणि तिच्यासोबतचा आवाज रोनाल्ड रॉस यांनी दिला. मलेरिया डासांमुळे पसरतो हे भारतातच सिद्ध करून त्यांनी नोबेल पारितोषिक मिळवले होते. १९०७ मध्ये रॉस यांनी लंडनच्या टाइम्समधून हा अन्याय चव्हाट्यावर आणला. कोलकात्याचे जुने सहकारी सिम्पसन यांच्यासह अनेक नामवंत शास्त्रज्ञांनी त्यांच्यासोबत सह्या केल्या. ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारले गेले. खोट्या आरोपात अडकवल्या गेलेल्या फ्रान्समधील ज्यू लष्करी अधिकारी ड्रायफस यांच्या प्रकरणाशी लोक याची तुलना करू लागले. अखेर १९०७ च्या शेवटी सरकारने हाफकिन यांच्यावरील ठपका मागे घेतला.

उपेक्षेची वर्षे

निर्दोष ठरल्यावर हाफकिन भारतात परतले. परळची जागा मात्र त्यांची राहिली नव्हती. कोलकात्यात त्यांना एका प्रयोगशाळेत नेमले गेले आणि लोकांवर लशीच्या चाचण्या करण्यास मज्जाव करण्यात आला. उष्णतेने मारलेल्या जंतूंची पटकीची लस जर्मनीत विल्हेल्म कोले यांनी १८९६ मध्येच तयार केली होती. आपली लस सुधारण्याची हाफकिन यांचीही इच्छा होती. ज्या माणसाने वस्तीत जाऊन पुरावा गोळा करण्याची रीत घालून दिली, त्यालाच आता वस्तीत जाण्याची परवानगी नव्हती. १९१४ मध्ये नियमानुसार ते निवृत्त झाले आणि त्यांनी भारत सोडला.

उरलेले आयुष्य त्यांनी फ्रान्समध्ये आणि शेवटी स्वित्झर्लंडमध्ये काढले. लग्न त्यांनी केले नव्हते. ज्या धर्मासाठी त्यांनी प्राध्यापकपद नाकारले, त्याच्या अभ्यासाकडे ते वळले. पूर्व युरोपातील ज्यू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी त्यांनी आपली पुंजी ठेवून संस्था स्थापन केली. १९२५ मध्ये मुंबईच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. आपल्या आयुष्यातील सर्वांत चांगली वर्षे तेथे खर्ची पडली, अशा भावना त्यांनी त्या वेळी कळवल्या. १८९७ ते १९२५ या काळात त्या प्रयोगशाळेतून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी हाफकिन यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले.

लस आणि नळ

मुंबईतून पटकी हटली ती केवळ लशीने नाही. तिचे खरे औषध शुद्ध पाणी हेच होते आणि त्याचा इतिहास उपनगरांच्या डोंगरांत आहे. साष्टीत विहार तलाव १८६० मध्ये बांधून झाला, १८७९ मध्ये तुळशी तलाव आला. ठाणे जिल्ह्यातील तानसाचे पाणी १८९२ मध्ये मुंबईला मिळू लागले, म्हणजे हाफकिन पॅरिसमध्ये स्वतःला सुई टोचत होते त्याच वर्षी. तलाव साष्टीतले असले तरी नळ मुंबई बेटावर गेले. तलावांच्या आसपासची गावे पुढेही कित्येक वर्षे विहिरींवरच राहिली. १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंतची आणि १९५७ मध्ये मुलुंड-दहिसरपर्यंतची उपनगरे महापालिकेत आली. आज भांडुपचे जलशुद्धीकरण केंद्र आशियातील मोठ्या केंद्रांपैकी एक मानले जाते.

पटकीचे शास्त्रही दरम्यान पुढे गेले. कोलकात्यातील शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये या जंतूचे विष शोधून काढले. ते आतड्यातून शरीरातले पाणी आणि क्षार ओढून बाहेर टाकते आणि रुग्ण काही तासांत कोरडा पडतो. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारोंना वाचवले. जुन्या टोचणीचे संरक्षण अपुरे आणि अल्पकाळ टिकणारे असल्याने १९७३ पासून आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तिचे प्रमाणपत्र मागणे बंद झाले. लस निरुपयोगी ठरली असे मात्र झाले नाही. तोंडावाटे द्यायची मृत जंतूंची लस २००९ मध्ये भारतात उपलब्ध झाली आणि पाण्याची सोय होईपर्यंत साथ थोपवण्यासाठी जगभर तिचा उपयोग केला जातो. लस मुदत मिळवून देते, त्या मुदतीत नळ आणि गटारे करायची असतात. हाफकिन यांच्या आकड्यांतून निघणारा अर्थही याहून वेगळा नव्हता.

ते काम उपनगरांत अजून पुरे झालेले नाही. नळाला काही तासच पाणी असते. पाणी बंद झाले की नळातला दाब उतरतो आणि नाल्याला खेटून गेलेल्या गळक्या जोडणीतून बाहेरची घाण आत खेचली जाते. पाणी पुन्हा आले की पहिली धार तीच असते. विहार आणि पवईच्या ओव्हरफ्लोतून निघणारी मिठी नदी जरीमरी, साकीनाका, कुर्ला या वस्त्यांजवळून वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या नदीने हीच वस्ती बुडवली. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसने शहराला गाठले. तोही पाण्यातून येणारा जंतूच.

एकोणीस मृत्यूंच्या चौकशीत हाफकिन यांचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, कारण एका गावात एक चिमटा धुण्यात कसूर झाली. सार्वजनिक आरोग्याच्या कामात शास्त्रज्ञाची विद्वत्ता जेवढी मोलाची, तेवढाच बूच काढणारा, जोडणी बसवणारा आणि पाणी तपासणारा हात मोलाचा असतो, हे मुल्कोवालने दाखवून दिले. परळच्या संस्थेवरचे नाव त्या कामाची जबाबदारी आणि तिची किंमत दोन्ही सांगते. उपनगरातील नळाची पहिली धार निर्भयपणे पिता येईल, तेव्हा हाफकिन यांनी १८९३ मध्ये हाती घेतलेले काम पूर्ण झाले असे म्हणता येईल.